टेस्टमधला नंबर प्रोडक्शनमध्ये नेऊ नकोस

प्रश्न : प्रिय ताई, मी कळव्याला राहते आणि महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत दोन वर्षं डायनॅमिक्स सीआरएमवर, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर, काम करते. आमच्याकडे कॉम्प्रेसरची विक्री आणि दुरुस्ती होते. लीड (संभाव्य ग्राहक), ऑपॉर्च्युनिटी (होऊ घातलेली विक्री), केस (ग्राहकाची तक्रार) आणि आम्ही स्वतः बनवलेली ‘साइट व्हिजिट’ ही ॲक्टिव्हिटी, या चारही प्रकारच्या रेकॉर्डवर फॉलोअपची नोट पडावी असं काम माझ्याकडे आलं. किती दिवस उलटले, शेवटचा फोन कधी झाला हे मोजून नोट लिहायची असल्यामुळे कस्टम कोड लागलाच. मी वर्कफ्लोमधून, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या प्रक्रियेतून, रेकॉर्डची यूआरएल (वेबपत्ता) घेतली, तिच्यातला रेकॉर्डच्या प्रकाराचा नंबर काढला आणि कोडमध्ये लिहिलं : ३ म्हणजे ऑपॉर्च्युनिटी, ४ म्हणजे लीड, ११२ म्हणजे केस, १००२३ म्हणजे साइट व्हिजिट. टेस्टला, म्हणजे चाचणीच्या सिस्टीमवर, सगळं चाललं. प्रोडक्शनला, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टीमवर, अकरा दिवस व्हिजिटच्या नोटा पडल्याच नाहीत आणि कुणाला पत्ताही लागला नाही, कारण वर्कफ्लो यशस्वी दिसत होते. रबाळ्याच्या एका ग्राहकाचा कॉम्प्रेसर दोन दिवस बंद राहिला तेव्हा सगळं बाहेर आलं. सर सगळ्यांसमोर बोलले. आता म्हणतात, प्रोडक्शनचा नंबर टाक आणि विषय संपव. शिवाय व्हिजिट ज्याच्यासाठी झाली त्या केसवर किंवा ऑपॉर्च्युनिटीवरही नोट पडायला हवी आहे. एक सहकारी म्हणतो, सगळंच पॉवर ऑटोमेटवर, मायक्रोसॉफ्टच्या नव्या ऑटोमेशन साधनावर, ने. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. मला हे काम जमत नाही का?

उत्तर : प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की चूक नेमकी कुठे झाली ते तू स्वतःच लिहून पाठवलं आहेस. ज्याला काम जमत नाही तो इतकं स्वच्छ पत्र लिहीत नाही. परीक्षेबद्दल पुढे बोलू, आधी कोड.

तुझ्या चार नंबरांपैकी तीन बरोबर आहेत आणि ते कुठल्याही कंपनीच्या सीआरएममध्ये तेच असतात. खातं म्हणजे अकाउंट १, कॉन्टॅक्ट २, ऑपॉर्च्युनिटी ३, लीड ४, केस ११२, टास्क ४२१२. हे मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेले प्रकार, त्यांचे नंबर त्यांनीच ठरवलेले. आपण बनवलेल्या इंटिटीचं, म्हणजे रेकॉर्डच्या प्रकाराचं, तसं नसतं. तिला १०,००० पासून पुढचा नंबर मिळतो आणि तो देते ती सिस्टीम जिथे इंटिटी तयार होते ती. टेस्टवर तुमची साइट व्हिजिट अमुक क्रमाने बनली, तिला १००२३ मिळाला. प्रोडक्शनवर तेच सोल्युशन (बदलांचं गाठोडं) इम्पोर्ट झालं तेव्हा तिथे आधीपासून कुणी दुसऱ्या इंटिटी बनवून ठेवलेल्या असतील, कुणी एखादी काढून टाकली असेल, मग तिथे व्हिजिटला वेगळाच नंबर लागला. इंटिटीचं नाव सोल्युशनबरोबर जातं, नंबर जात नाही. तीन नंबर दोन्हीकडे जुळले म्हणून चौथाही जुळेल असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं, आणि टेस्टला त्याची खोट दिसण्याचा काही मार्गच नव्हता.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी हेच केलं होतं. माझं नशीब तुझ्याहून वाईट. माझा नंबर प्रोडक्शनमध्ये दुसऱ्याच एका इंटिटीशी जुळला. त्यामुळे कोड त्या इंटिटीत जाऊन आमचा आयडी शोधत बसायचा आणि ‘या आयडीचं रेकॉर्ड अस्तित्वात नाही’ असा एरर यायचा. मला वाटलं, कुणीतरी रेकॉर्ड डिलीट करतंय. दोन दिवस मी ऑडिट हिस्ट्री चाळत होते, कोणी डिलीट केलं ते शोधत. एका साध्या पोरावर माझा संशयही गेला होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं. रेकॉर्ड जागच्या जागी होतं, मीच भलत्या दाराशी जाऊन हाका मारत होते.

म्हणून सरांनी सांगितलेला उपाय, प्रोडक्शनचा नंबर टाकण्याचा, करू नकोस. आज चालेल. मग टेस्टला चालणार नाही, म्हणजे पुढचा प्रत्येक बदल तू न तपासता प्रोडक्शनला टाकशील. उद्या कंपनीने नवीन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे टेस्ट-प्रोडक्शनसारखी आणखी एक सिस्टीम, उभं केलं की पुन्हा हाच खेळ.

आता तुझ्या कामाकडे जरा मागे सरकून बघ. वर्कफ्लो लीडवर चालतो आणि नोटही त्याच लीडवर पडते. केसचा वर्कफ्लो केसवर, व्हिजिटचा व्हिजिटवर. म्हणजे ज्या रेकॉर्डवर वर्कफ्लो चालू आहे त्याच रेकॉर्डबद्दल तुला माहिती हवी आहे. मग यूआरएल कशाला? कोडमध्ये तू वर्कफ्लो कॉन्टेक्स्ट (चालू वर्कफ्लोची माहिती) घेतेसच. त्यात प्रायमरी इंटिटी नेम आणि प्रायमरी इंटिटी आयडी या दोन गोष्टी तयार बसलेल्या असतात. पहिलीत नंबर येत नाही, थेट लॉजिकल नाव, म्हणजे इंटिटीचं सिस्टीममधलं पक्कं नाव, येतं. या दोन्हींवरून इंटिटी रेफरन्स, म्हणजे त्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं मूल्य, बनव, नोटच्या ऑब्जेक्ट आयडी या फील्डमध्ये तो ठेव, काम झालं. स्विच नाही, नंबर नाही, चार शाखा नाहीत. उद्या पाचवा प्रकार आला तर कोडला हातही लावावा लागणार नाही, फक्त त्या इंटिटीवर नवा वर्कफ्लो बनवून त्यात तुझी स्टेप ठेवायची.

तू यूआरएलकडे का वळलीस तेही मला कळतं. कस्टम ॲक्टिव्हिटीला, म्हणजे वर्कफ्लोतल्या तुझ्या कोडच्या स्टेपला, इनपुट म्हणून इंटिटी रेफरन्स द्यायचा तर त्यावर ‘रेफरन्स टार्गेट’ लिहावं लागतं आणि तिथे एकाच इंटिटीचं नाव बसतं. कोड कंपाइल होतानाच प्रकार पक्का. ‘कुठल्याही प्रकारचं रेकॉर्ड’ असं इनपुट तिथे देताच येत नाही. मग बहुतेकांना ‘रेकॉर्ड यूआरएल डायनॅमिक’ हे फील्ड सापडतं, कारण तो साधा मजकूर असतो आणि मजकुराचं इनपुट घ्यायला कुणाची हरकत नसते. युक्ती चांगलीच आहे. फक्त ती दुसऱ्या रेकॉर्डसाठी आहे, स्वतःच्या रेकॉर्डसाठी तिची गरज नाही.

सरांची दुसरी मागणी, व्हिजिट ज्याच्यासाठी झाली त्या रेकॉर्डवर नोट, ही खरी मजेशीर आहे. साइट व्हिजिट ही ॲक्टिव्हिटी आहे, म्हणजे तिला ‘रिगार्डिंग’ हे लुकअप (दुसऱ्या रेकॉर्डकडे नेणारं) फील्ड आहे. त्या एकाच खणात कधी केस असते, कधी ऑपॉर्च्युनिटी, कधी अकाउंट. इथेही यूआरएलच्या वाटेला जाण्याआधी थांब. कोडमधून व्हिजिटचं रेकॉर्ड वाच, फक्त ते एक कॉलम मागून. (सगळी कॉलम मागायची सवय लागली असेल तर ती आजच सोड, ॲक्टिव्हिटीत ईमेलचा सगळा मजकूर उगाच ओढून आणला जातो.) परत येणारं मूल्य हे इंटिटी रेफरन्स असतं आणि त्याच्या पोटात आयडीबरोबर लॉजिकल नावही असतं. केस असेल तर केसचं नाव, ऑपॉर्च्युनिटी असेल तर तिचं. ते मूल्य उचलून जसंच्या तसं नोटच्या ऑब्जेक्ट आयडीत ठेवलंस तरी पुरे. केसच्या ‘कस्टमर’ फील्डमध्ये अकाउंट आहे की कॉन्टॅक्ट, ‘ओनर’मध्ये माणूस आहे की टीम, हेही याच रीतीने कळतं. एक काळजी मात्र घे : रिगार्डिंग रिकामं असू शकतं. सेल्सवाले घाईत व्हिजिट टाकतात आणि ते भरत नाहीत. कॉलम मागितलं तरी रिकामं मूल्य हाती येत नाही, त्या नावाची चावीच रेकॉर्डमध्ये नसते, म्हणून आधी ‘आहे का’ विचार, मग वाच.

एवढ्यानं तुझं आजचं काम भागतं. पण एखाद्या दिवशी असं येईल, की वर्कफ्लो बनवणारा माणूस पडद्यावर निवडेल की नोट कुठल्या संबंधित रेकॉर्डवर पडावी, कधी मशीनवर, कधी कॉन्ट्रॅक्टवर, आणि तुझ्या कोडला आधी काहीच माहीत नसेल. तेव्हा यूआरएल लागेल. म्हणून तीही नीट वाचायला शीक.

त्या यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग घे. तो अँडच्या चिन्हावर तोड, प्रत्येक तुकडा बरोबरच्या चिन्हावर तोड. एका तुकड्यात ईटीसी (इंटिटी टाइप कोड) आणि नंबर असेल, एकात आयडी असेल, बाकी हिस्ट की, न्यू विंडो, पेज टाइप वगैरे, ते सोडून दे. ‘अमुक अक्षरापासून पुढची ३६ अक्षरं घे’ असं कधी करू नकोस. तुकड्यांचा क्रम बदलू शकतो, आणि ब्राउझरमधून कॉपी केलेल्या पत्त्यात आयडीभोवतीचे महिरपी कंस टक्केवारीच्या चिन्हाने लिहिलेले येतात. आधी मजकूर अनएस्केप कर (ती चिन्हं मूळ रूपात आण), मग गुइड, म्हणजे तो आयडी, वाच. नव्या पडद्यांच्या पत्त्यांत ईटीसीऐवजी ईटीएन असतं आणि त्यात सरळ लॉजिकल नाव असतं. ते सापडलं तर उत्तमच, नंबराकडे बघायचंच नाही.

ईटीसीच हाती आलं तर तो नंबर सिस्टीमला विचार. मेटाडेटामध्ये, म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या रचनेच्या माहितीत, ‘हा ऑब्जेक्ट टाइप कोड कुणाचा’ हे विचारता येतं. त्यासाठी सगळ्या इंटिटींची सगळी माहिती मागवणारी रिक्वेस्ट वापरू नकोस. ती चालते, पण शेकडो इंटिटी, त्यांचे सगळे कॉलम्स, सगळं ओझं वाहून आणते, आणि तुझा कोड सँडबॉक्समध्ये (मर्यादा घातलेल्या कुंपणात) आहे, तिथे दोन मिनिटांची मर्यादा असते. ‘रिट्रीव्ह मेटाडेटा चेंजेस’ ही रिक्वेस्ट घे, तिच्यात ऑब्जेक्ट टाइप कोडची अट घाल आणि तीनच गोष्टी माग : लॉजिकल नाव, प्रायमरी आयडीचं कॉलम, प्रायमरी नावाचं कॉलम.

शेवटचं ते तिसरं का, तर रेकॉर्डचं नाव प्रत्येक इंटिटीत वेगळ्या ठिकाणी असतं. अकाउंटचं ‘नेम’मध्ये, कॉन्टॅक्टचं ‘फुल नेम’मध्ये, केसचं ‘टायटल’मध्ये, ॲक्टिव्हिटीचं ‘सब्जेक्ट’मध्ये. नोटमध्ये ‘अमुक रेकॉर्डचा फॉलोअप राहिला’ असं लिहायचं असेल तर कॉलमचं नावही मेटाडेटाकडूनच घे. आयडीचं कॉलम इंटिटीच्या नावाला आयडी जोडून बनवायचा मोह होतो, तोही टाळ. अकाउंटला तो नेम लागू पडतो, पण टास्क, ईमेल, फोन कॉल आणि तुमची साइट व्हिजिट, सगळ्या ॲक्टिव्हिटींचं आयडीचं कॉलम ‘ॲक्टिव्हिटी आयडी’ हेच असतं.

इथे एक सावधगिरीचा शब्द. हे सगळं वाचून तुला वाटेल, आता सगळंच डायनॅमिक करू, एकच कोड, कुठलंही रेकॉर्ड, कुठलंही काम. तसं करू नकोस. नोट टाकणं सगळीकडे सारखं आहे, म्हणून एकच कोड शोभतो. केस बंद करणं आणि ऑपॉर्च्युनिटी जिंकली म्हणणं ही सारखी कामं नाहीत. त्यांच्या रिक्वेस्ट वेगळ्या, त्यांच्यासोबत बनणारी रेकॉर्ड वेगळी, त्यामागचे धंद्याचे नियम तर अगदीच वेगळे. तिथे प्रकाराप्रमाणे वेगळा कोड लिहिणं हाच शहाणपणा, आणि त्या शाखांमध्ये नंबर न लिहिता लॉजिकल नाव लिहायचं. लॉजिकल नाव कोडमध्ये लिहिण्यात काही गैर नाही, ते टेस्टपासून प्रोडक्शनपर्यंत तेच राहतं.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती सांगते. नंबर चुकला याचं मला एवढं काही वाटलं नाही. अकरा दिवस कुणाला कळलं नाही, याचं वाटलं. कुठलाच नंबर जुळला नाही तर तुझा कोड काय करत होता? गुपचूप परत येत होता. म्हणून वर्कफ्लो यशस्वी. बरेचजण वर्कफ्लोवर ‘पूर्ण झालेले जॉब आपोआप डिलीट करा’ ही खूणही करून ठेवतात. तुमच्याकडेही ती असेल तर जॉबचा मागमूसही उरला नसेल. रबाळ्याच्या त्या कारखान्यात कॉम्प्रेसर बंद पडून लोक हातावर हात ठेवून बसले होते आणि आपल्या पडद्यावर सगळं हिरवंगार.

जिथे कोडला प्रकार ओळखता आला नाही, तिथे त्याने मोठ्याने ओरडलं पाहिजे. इनव्हॅलिड प्लगइन एक्झिक्युशन एक्सेप्शन, म्हणजे वर्कफ्लो थांबवणारा एरर, टाक आणि मजकूर माणसाला कळेल असा लिही : ‘नोट टाकता आली नाही. मिळालेला नंबर १००३१, या नंबरची इंटिटी सापडली नाही.’ त्याआधी ट्रेसिंग सर्व्हिसमध्ये (कोडच्या नोंदवहीत) आलेली यूआरएल जशीच्या तशी लिहून ठेव. सिस्टीम जॉब उघडला की कारण समोर दिसेल. पहिले पंधरा दिवस आपोआप डिलीटची खूण काढून ठेव.

आणखी दोन ठिकाणी तुझा डायनॅमिक कोड अडखळेल, ती आधीच सांगून ठेवते. कस्टम इंटिटीवर नोट्स चालू केलेल्याच नसतील तर नोट पडणार नाही. चालू करताना सरांना विचारून कर, कारण एकदा चालू केलं की ते बंद करता येत नाही. दुसरं, परवानगी. आपोआप चालणारा बॅकग्राउंड वर्कफ्लो त्याच्या मालकाच्या नावाने चालतो, आणि हाताने ऑन डिमांड चालवला की चालवणाऱ्याच्या नावाने. सर्व्हिसमधल्या मुलीने तो चालवला आणि तिला ऑपॉर्च्युनिटीवर ‘अपेंड टू’चा, म्हणजे तिला दुसरं रेकॉर्ड जोडण्याचा, हक्क नसेल तर तुझा निर्दोष कोडही पडेल. टेस्ट करताना स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने करशील तर हे कधीच दिसणार नाही. एका सर्व्हिस युजरचं लॉगिन माग.

असेंब्ली, म्हणजे तुझ्या कोडची बांधलेली फाइल, चढवताना आवृत्तीकडे लक्ष दे. चार आकड्यांपैकी शेवटचे दोन बदललेस तर आहे त्याच जागी नवा कोड बसतो आणि जुने वर्कफ्लो तोच वापरतात. पहिल्या दोनपैकी एखादा बदललास तर ती वेगळी आवृत्ती होते आणि जुने वर्कफ्लो जुन्याच कोडवर राहतात. तू यूआरएलचं इनपुट काढून टाकणार आहेस, म्हणजे तुझ्या स्टेपचा चेहराच बदलतो. मी असते तर वेगळी आवृत्ती केली असती आणि चारही वर्कफ्लो एकेक करून तिच्यावर आणले असते, व्हिजिट सगळ्यात आधी.

तुझ्या सहकाऱ्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. बॅकग्राउंड वर्कफ्लोऐवजी पॉवर ऑटोमेट वापरा असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, आणि नवीन काम मीही तिकडेच सुरू करीन. पण तुझा प्रश्न तिकडे गेल्याने सुटत नाही. रिगार्डिंगमध्ये काय आहे हे तिथेही विचारावंच लागतं. लुकअपचा आयडी एकीकडे येतो, प्रकार दुसरीकडे, आणि जोडायला तर इंटिटीच्या सेटचं, म्हणजे अनेकवचनी नाव लागतं. ग्राहक खोळंबलेला असताना घर बदलायला निघू नये. आधी हे नीट कर.

सरांशी बोलणं तुला अवघड वाटत असणार. सगळ्यांसमोर बोलले हे त्यांचं चुकलंच, ते मी झाकणार नाही. पण त्यांना ‘तुमचा उपाय चुकीचा’ असं म्हणत जाऊ नकोस. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड, एकीत टेस्टवरची साइट व्हिजिट, दुसरीत प्रोडक्शनवरची, आणि दोन्हीकडचा नंबर दाखव. मग म्हण, ‘सर, हा नंबर एन्व्हायर्नमेंटप्रमाणे बदलतो. मी तो कोडमधून काढूनच टाकते. एक दिवस द्या, टेस्टवर चारही प्रकार आणि एक रिकाम्या रिगार्डिंगची व्हिजिट चालवून दाखवते.’ आणि त्याच दमात सांग, ‘राहिलेल्या नोटांची यादी मी काढली आहे.’ यादी हातात असलेल्या माणसाला कुणी फार वेळ ओरडत नाही, असा माझा अनुभव आहे.

आईंना माझा नमस्कार सांग. बँकेची परीक्षा वाईट नाही, तुला बँकेतलं काम मनापासून आवडत असेल तर जरूर दे. या एका आठवड्यातून पळून जायचं म्हणून देऊ नकोस. घणसोलीहून परतीच्या गाडीत उभ्याने घरी जाताना डोक्यात तोच नंबर फिरत असेल तर रात्री परीक्षेचं पुस्तक उघडूनही तो फिरतच राहील. आधी नंबर काढ. महिन्याभराने शांतपणे ठरव, आणि तेव्हाही आईशी बोलूनच.

अकरा दिवसांची ती यादी म्हणजे त्या काळात तयार झालेल्या आणि अजून उघड्या असलेल्या साइट व्हिजिट. नवा कोड तपासून झाला, प्रोडक्शनला चढला, की त्या निवडून वर्कफ्लो ऑन डिमांड चालव, सगळ्या एकदम नाही, आधी एक. ती एक रबाळ्याच्या ग्राहकाची असू दे. नोट व्हिजिटवर पडली का बघ, मग तिच्या केसवर पडली का बघ, आणि सर्व्हिसच्या टेबलाशी जाऊन त्या ग्राहकाला आता कधी जायचं आहे ते विचारून ये.

तुझी ताई